छापील खुणेमागचे हात

ओपस १० मधल्या तिसऱ्या एत्यूदच्या हस्तलिखितावर फ्रेडरिक शोपँनं २५ ऑगस्ट १८३२ ही तारीख घातली आहे. पानाच्या डोक्यावर लयीसाठी एकच शब्द आहे, ‘विवाचे’. म्हणजे चपळ, चैतन्यानं भरलेलं. पुढे छपाईसाठी केलेल्या प्रतीत तो ‘विवाचे मा नॉन त्रोप्पो’ झाला, म्हणजे चपळ पण फार नको. १८३३ साली एत्यूद छापून बाहेर आली तेव्हा वर शब्द होते ‘लेंतो मा नॉन त्रोप्पो’, म्हणजे संथ पण फार नको. सोबत मेट्रोनोमचा आकडाही होता, मिनिटाला १०० क्वेव्हर.

पियानो ऐकणाऱ्यांना ही चाल ‘त्रिस्तेस’ या नावानं माहीत असते. नाव शोपँचं नव्हे, नंतर चिकटलेलं. या नावामुळे आणि ‘लेंतो’ या शब्दामुळे वादक तिला इतकी हळू वाजवत आले आहेत की १०० चा आकडा पाळून कुणी वाजवली तर ऐकणाऱ्याला घाई झाल्यासारखं वाटतं. पण तो आकडा रचनाकाराचा आहे. ‘संथ’ हा शब्द वर चढला तरी ‘चपळ’मधलं काहीतरी त्या आकड्यात शिल्लक राहिलं, असं मला वाटतं. हस्तलिखितात या एत्यूदच्या शेवटी शोपँनं पुढची ‘प्रेस्तो कॉन फुओको’ एत्यूद लगेच, न थांबता सुरू करण्याची सूचनाही लिहिली होती. छापील आवृत्तीत ती नाही. आज सभागृहात या एत्यूदनंतर वादक हात मांडीवर ठेवून मोठा श्वास घेतो.

एका रचनेची ही गत, तर सगळ्या पियानोसाहित्याची काय असेल? जुन्या आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवून लयीच्या आणि आवाजाच्या जोराच्या खुणा ताडून पाहू लागलं, की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. या दोन प्रकारच्या खुणा वेगवेगळ्या कारणांनी बदलतात. लयीचा शब्द पानाच्या डोक्यावर एकदाच येतो आणि सगळ्यांना दिसतो. तो बदलला असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी विचार करून बदललेला असतो. जोराच्या खुणा बारीक असतात आणि पानभर विखुरलेल्या असतात. त्या बहुधा कुणाच्या मनात नसताना सरकतात. हात घसरतो, जागा कमी पडते, डोळा ओळ चुकतो. म्हणून पहिल्या प्रकारात ‘हे कुणाला हवं होतं?’ असं विचारावं लागतं, आणि दुसऱ्या प्रकारात ‘हे कसं घडलं?’ असं. प्रश्नांची अदलाबदल झाली की चर्चा भरकटते.

आधी थोडं मागे जाऊ. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास जे वाद्य घडवलं, त्याच्या नावातच मृदू आणि जोरदार हे दोन्ही शब्द होते. हार्पसिकॉर्डमध्ये बोटाचा जोर बदलून आवाज लहानमोठा होत नाही. या नव्या वाद्यात तो होऊ लागला. या वाद्यासाठी छापलेलं पहिलं ज्ञात पुस्तक म्हणजे लोदोविको जुस्तिनीच्या बारा सोनाटा, १७३२, तेही फ्लोरेन्सचंच. त्यात ‘पियानो’, ‘फोर्ते’ अशा सूचना आहेत, पण मोजक्या. पुढच्या शंभर वर्षांत या सूचनांचं पीक इतकं माजलं की एका मात्रेत तीन-तीन खुणा सापडाव्यात.

मोत्झार्टच्या काळापर्यंत हस्तलिखितात खुणा कमीच. त्यामुळे अनेकांची समजूत असते की हस्तलिखित म्हणजे खरं आणि छापील म्हणजे भेसळ. एफ मेजरमधल्या त्याच्या सोनाटाचं, म्हणजे कोशेल क्रमांक ३३२ चं, उदाहरण या समजुतीच्या आड येतं. व्हिएन्नाच्या आर्तारियानं ती १७८४ साली छापली. हस्तलिखितात मधल्या संथ भागातली चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा साधीच आहे. छापील आवृत्तीत ती अलंकारांनी सजली आहे आणि जोराच्या खुणाही जास्त आहेत. हे प्रकाशकाच्या कारकुनाला सुचणारं काम नव्हे. छपाईला देताना मोत्झार्टनंच ते भरलं असणार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे छापील प्रत हस्तलिखिताच्या पुढची पायरी ठरते.

आता छापखान्यात जाऊ, कारण जोराच्या खुणांचं भवितव्य तिथेच ठरत असे. शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा मऊ पत्रा घ्यायचा. पाच दात्यांच्या अवजारानं एका ओढीत पाच रेघा ओढायच्या. स्वरांची डोकी, चाव्या, आकडे, अक्षरं यांच्यासाठी पोलादी ठसे असत; ते हातोडीनं ठोकायचे. हे सगळं उलटं, आरशात दिसेल तसं. उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या काड्या, स्वरांवरच्या कमानी आणि आवाज वाढवण्या-उतरवण्याच्या आडव्या पाचरी, ज्यांना वादक हेअरपिन म्हणतात, या मात्र ठशानं होत नसत. त्या कोरणीनं, हातानं काढाव्या लागत.

यातून काय होणार ते उघड आहे. ‘पी’ किंवा ‘एफ’ हे अक्षर ठशाचं असल्यामुळे चुकलं तर एकदम चुकतं, आणि दिसतं. हेअरपिन हातानं काढलेली असल्यामुळे थोडीशी चुकते, आणि दिसत नाही. ती अर्धी मात्रा आधी सुरू होते. खाली स्वरांची गर्दी असेल तर कारागीर तिला आखूड करतो. दोन ओळींच्या मध्ये जागा नसेल तर ती वर जाते, आणि मग ती उजव्या हातासाठी आहे की दोन्ही हातांसाठी, हे कळेनासं होतं. चूक सापडलीच तर पत्रा मागून ठोकून ती जागा सपाट करायची आणि नव्यानं कोरायचं. नीट पाहिलं तर जुन्या आवृत्त्यांच्या कागदावर अशा खोडलेल्या स्वराची पुसट सावली कधीकधी सापडते. त्यामुळे ‘पहिली आवृत्ती’ ही एकच वस्तू असते असंही नाही. पत्रे तेच राहत, दुरुस्त्या होत राहत, आणि त्याच मुखपृष्ठाखाली विकल्या गेलेल्या दोन प्रतींत फरक निघतो. कुठली प्रत आधीची हे ठरवताना ग्रंथसूचीवाले पत्र्याचा क्रमांक, किंमत, प्रकाशकाचा पत्ता असल्या गोष्टी धुंडाळतात. संगीताच्या अभ्यासात इतकं कारकुनी काम असेल असं वाटत नाही, पण असतं.

बीथोव्हन या प्रकारानं वैतागलेला असे. १८२५ साली त्यानं कार्ल होल्त्सला लिहिलेल्या पत्रात नकलाकाराच्या चुकांबद्दल तक्रार आहे. कमानी जशा आहेत तशाच हव्यात, ठिपका आणि रेघ एक नव्हेत, आवाज वाढवण्या-उतरवण्याच्या खुणा स्वराखाली नेमक्या जागी याव्यात. पत्र पियानोच्या नव्हे, तंतुवाद्यांच्या चौकडीच्या रचनेबद्दल आहे, पण रोग तोच.

हेअरपिनमधला सगळ्यात अवघड प्रकार शोपँच्या आणि शूबर्टच्या अक्षरात आहे. एका स्वरावर थोडा दाब द्यायचा असेल तर अ‍ॅक्सेंटची छोटी खूण करतात. तीच खूण लांब ओढली की अर्थ बदलतो: आवाज हळूहळू उतरव. शोपँ या दोहोंच्या मधली खूण करायचा, अ‍ॅक्सेंटपेक्षा लांब, उतारापेक्षा आखूड. तिचा हेतू काहीसा असा, की या स्वरावर वजन टाक आणि ते सावकाश विरू दे. ठसे आणि कोरणी यांच्या दुनियेत या मधल्या खुणेला घर नव्हतं. एका कारागिरानं तिला अ‍ॅक्सेंट करून टाकलं, दुसऱ्यानं पूर्ण उतार. एकच जागा दोन शहरांत दोन प्रकारे छापली गेली. शूबर्टच्या बाबतीत अडचण आणखी मोठी, कारण त्याच्या शेवटच्या तीन पियानो सोनाटा दियाबेल्लीनं छापल्या १८३९ च्या सुमारास, आणि तो वारला होता १८२८ साली. प्रूफ बघायला कुणीच नव्हतं. त्या सोनाटा शूबर्टला हुमेलला अर्पण करायच्या होत्या. तोवर हुमेलही गेला होता, म्हणून प्रकाशकानं त्या शुमानला अर्पण केल्या. इतक्या खासगी बाबतीत जर प्रकाशक निर्णय घेत होता, तर एखाद्या उताराच्या खुणेची काय कथा!

शोपँचं प्रकरण खास आहे ते तीन शहरांमुळे. त्याच्या बहुतेक रचना एकाच सुमारास पॅरिस, लाइपझिग आणि लंडन इथे छापल्या गेल्या. पॅरिसला मॉरिस श्लेसिंगर मुख्य, लाइपझिगला आधी किस्टनर आणि मग ब्राइटकोफ उंट हेर्टेल, लंडनला वेसेल. हा थाट प्रसिद्धीसाठी नव्हता. आंतरराष्ट्रीय कॉपीराइट नव्हता. एका देशात छापलेली रचना दुसऱ्या देशात कुणीही उचलून छापू शके. हक्क राखायचे तर प्रत्येक देशात आपला प्रकाशक आणि छपाई जवळपास एकाच वेळी, हाच उपाय. म्हणजे प्रत्येक रचनेचा मजकूर तीन ठिकाणी पोचवायचा. कधी पॅरिसच्या आवृत्तीची प्रुफं पुढे जात, कधी शोपँ स्वतः दुसरी प्रत लिही, कधी मित्र ज्युलियन फोंताना नक्कल करून देई. फोंतानानं केलेली नक्कल शोपँ तपासे, पण मन लावून नव्हे. आणि पुन्हा लिहिताना त्याला नवीन काही सुचे. त्यामुळे एका प्रतीत ‘फोर्ते’ आणि दुसरीत काहीच नाही, असा फरक दिसला की ती चूक की नवा विचार, हे सांगणं कठीण होतं.

पॅरिसची प्रुफं तो पाही, आणि पाहताना बदलही करी. लाइपझिगची प्रुफं सहसा त्याच्यासमोर येत नसत. ब्राइटकोफचे लोक काटेकोर होते, पण हा काटेकोरपणाच कधीकधी नडला. एक वाक्य दोनदा येतं आणि दोन्हीकडच्या खुणा सारख्या नाहीत, हे पाहून तिथला संपादक त्या सारख्या करी. शोपँला पुनरावृत्तीत फरकच हवा असे. लंडनचा वेसेल वेगळ्या प्रकारचा. त्यानं नॉक्टर्नच्या पहिल्या संचाला ‘सीन नदीची कुजबुज’ आणि पहिल्या स्केर्त्सोला ‘नरकातली मेजवानी’ अशी फ्रेंच नावं चढवली. शोपँनं फोंतानाला लिहिलेल्या पत्रात त्याची यथेच्छ हजेरी घेतली आहे. मला मात्र वेसेलचं नाव घेताना थोडं हसू येतं. लयीचा शब्द न बदलताही लय बदलता येते, हे त्यानं दाखवून दिलं. ‘नरकातली मेजवानी’ असं वाचलेला हौशी वादक पहिल्या पानापासून कोणत्या वेगानं सुटेल?

फोंतानानं पुढे, शोपँच्या मृत्यूनंतर, १८५५ साली राहिलेल्या रचना छापल्या. सुप्रसिद्ध फँटसी इंप्रोंप्तू, ओपस ६६, त्यातलीच. शंभर वर्षं जग तिला फोंतानाच्या रूपात वाजवत राहिलं. मग पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनच्या हाती एका उमराव स्त्रीचा जुना आल्बम आला. त्यात शोपँच्या अक्षरातली १८३५ ची प्रत होती. डावा हात काही ठिकाणी वेगळा होता, जोराच्या खुणा वेगळ्या होत्या. ती प्रत १९६२ मध्ये छापली गेली. तरी शिकवणीत अजून फोंतानाच चालतो.

आता आकड्यांकडे. योहान नेपोमुक मेल्झेलनं १८१५ च्या सुमारास मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना अ‍ॅम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, पण बाजारात नाव मेल्झेलचं झालं. आपल्याकडे ‘विलंबित एकताल’ एवढंच म्हटलं तर किराण्याचा गवई आणि आग्र्याचा गवई आपापली विलंबित धरतात आणि श्रोता तक्रार करत नाही. युरोपात मात्र शब्दांच्या या सैलपणाचा रचनाकारांना कंटाळा आला होता. बीथोव्हननं १८१७ मध्ये लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात आपल्या आठ सिंफनींचे आकडे छापूनच टाकले.

पियानो सोनाटांत मात्र त्यानं आकडे दिले ते एकाच सोनाटाला. ओपस १०६, ‘हामरक्लाविअर’. व्हिएन्नात आर्तारियानं ती सप्टेंबर १८१९ मध्ये काढली. त्याच वर्षी लंडनलाही ती निघाली, आणि तिथली व्यवस्था बघणारा होता जुना शिष्य फर्डिनांड रीस. १६ एप्रिल १८१९ च्या पत्रात बीथोव्हननं रीसला आकडे कळवले. पहिल्या भागासाठी मिनिटाला १३८ मिनिम, आणि वर शब्द फक्त ‘अल्लेग्रो’ ठेव, ‘अस्साई’ म्हणजे ‘बरंच’ हा शब्द काढून टाक, असं लिहिलं. भयंकर वेगाचा आकडा द्यायचा आणि त्याच श्वासात वेग वाढवणारा शब्द खोडायचा! मला वाटतं, त्याच्या मनात शब्द आणि आकडा यांची कामं वेगळी होती. वेग सांगायचं काम आकड्याकडे गेल्यावर शब्दाकडे उरलं ते वृत्ती सांगणं. तिसऱ्या संथ भागाच्या आरंभाला दोन स्वर वाढवायलाही त्यानं तेव्हाच कळवलं. एवढ्या अजस्र रचनेला दोन स्वर कशाला, असं रीसला आधी वाटलं, आणि वाजवून पाहिल्यावर पटलं.

लंडनच्या आवृत्तीत ही सोनाटा दोन पुस्तकांत विभागली गेली आणि मधल्या दोन भागांची अदलाबदलही झाली. त्याआधीच्या पत्रात बीथोव्हननं रीसला अशी मोकळीक दिलेली होती, कारण लंडनच्या ग्राहकाला काय पचेल याचा त्याला भरवसा नव्हता. ज्याला आपण आज देवघरात ठेवल्यासारखं जपतो, त्या मजकुराबाबत खुद्द त्याचा कर्ता किती व्यवहारी होता! १३८ चं काय करायचं हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. हान्स फॉन ब्यूलोनं १८७१ च्या आपल्या आवृत्तीत ११२ सुचवला. आर्तूर श्नाबेलनं १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात १३८ गाठायचा प्रयत्न केला; त्यात बरेच स्वर सांडले, तरी ते मुद्रण ऐकावं असं आहे.

लय शब्दात किंवा आकड्यातच असते असंही नाही. ‘मूनलाइट’ या नंतरच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या सी शार्प मायनर सोनाटाची सुरुवात पाहा. व्हिएन्नाच्या कापीनं १८०२ साली छापलेल्या पहिल्या आवृत्तीत शब्द आहेत ‘अदाजिओ सोस्तेनुतो’, आणि तालाची खूण आहे मधून उभी रेघ मारलेला ‘सी’. म्हणजे मात्रेत चार नव्हे, दोन ठोके मोजा. पुढच्या कितीतरी आवृत्त्यांनी ती उभी रेघ गाळली. एक रेघ गेली आणि दोनाचे चार ठोके झाले. चार ठोके मोजणारा आपोआप जड होतो. बीथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नीनं या भागासाठी दिलेला आकडा आहे मिनिटाला ५४ क्रॉचेट, आजच्या बऱ्याच वादनांपेक्षा वाहता. गंमत म्हणजे इथे हस्तलिखित पाहून शंका फेडायची सोय नाही. ते बॉनला जपून ठेवलेलं आहे, पण त्याचं पहिलंच पान हरवलं आहे. सुरुवातीसाठी कापीची आवृत्ती हीच मुख्य साक्षीदार.

रॉबर्ट शुमानच्या बाबतीत आकडा बदलणारी व्यक्ती घरातलीच होती. ‘किंडरत्सेनन’ १८३९ मध्ये निघालं तेव्हा त्यातल्या ‘ट्रॉइमराय’वर आकडा होता १०० क्रॉचेट. रॉबर्टच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी क्लारा शुमाननं विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढली, त्यात तो ८० झाला. रॉबर्टचा मेट्रोनोमच बिघडलेला होता अशी वदंता मध्यंतरी बरीच पसरली. पण क्लारा स्वतः त्या काळातली थोर वादक; तिनं या रचना पन्नास वर्षं वाजवल्या होत्या. तिच्या आकड्यामागे यंत्रातला बिघाड शोधण्यापेक्षा तिचा हात आणि तिचं वय शोधणं मला जास्त सयुक्तिक वाटतं. शिवाय रॉबर्टला वेगाबद्दल सरळ विचारायला जाणं धोक्याचंच. जी मायनर सोनाटाच्या आरंभी त्यानं ‘शक्य तितक्या वेगात’ असं लिहिलं, आणि त्याच भागात पुढे ‘आणखी वेगात’ असंही. स्वतःच्या खुणाही तो पुढे पुसत असे. ‘डाविड्सब्युंडलरटान्झ’च्या पहिल्या आवृत्तीतली एक रांगडी, खट्याळ जर्मन सूचना १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘विनोदानं’ अशी सभ्य होऊन बसली. चाळिशीतल्या माणसानं सत्ताविशीतल्या स्वतःचं केलेलं संपादन ते.

प्रकाशकांच्या धाडसाला तर सीमा नव्हती. झुरिकच्या नेगेलीनं १८०३ साली बीथोव्हनच्या ओपस ३१ मधल्या जी मेजर सोनाटात स्वतःच्या पदरच्या चार मात्रा घातल्या. रीस वाजवत होता, बीथोव्हन ऐकत होता; त्या जागी पोचताच तो उसळून उठला, असं रीसनंच नंतर लिहून ठेवलं आहे. मग चुकांची यादी करून बॉनच्या झिमरॉककडे धाडली गेली आणि त्यानं ‘अत्यंत शुद्ध आवृत्ती’ असं मुखपृष्ठावर मिरवत नवी आवृत्ती काढली. शूबर्टच्या जी फ्लॅट मेजर इंप्रोंप्तूची कथा अधिक शांतपणे घडली. ती लिहिली १८२७ मध्ये, पण छापली १८५७ मध्ये हासलिंगरनं, तीही जी मेजर करून, म्हणजे घरी वाजवणाऱ्यांना सहा फ्लॅट नकोत म्हणून. शूबर्टच्या लांबलचक मात्रांची, दुहेरी तालखुणेची मांडणीही मोडली. मूळ पानावर चाल लांब श्वासात वाहताना दिसते. बदललेल्या पानावर तिला जवळजवळ कुंपणं लागतात. स्वर तेच, पण डोळा वेगळं वाचतो आणि हात डोळ्याचं ऐकतो.

बाखवर झालं ते सगळ्यात थोर. ‘वेल-टेंपर्ड क्लाविअर’च्या पहिल्या भागात बाखनं लयीचे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतके लिहिले आहेत, शेवटच्या बी मायनर प्रील्यूडवर ‘आंदांते’ आणि फ्यूगवर ‘लार्गो’ आहे. जोराच्या खुणांचा प्रश्नच नव्हता. १८३७ साली चेर्नीनं लाइपझिगच्या पेटर्ससाठी आवृत्ती तयार केली आणि प्रत्येक रचनेवर शब्द, मेट्रोनोमचा आकडा, बोटं, क्रेशेंडो, डिमिन्युएंडो सगळं घातलं. त्याचं म्हणणं होतं की यातल्या कित्येक फ्यूग बीथोव्हन कसे वाजवायचा हे आठवून लय दिली आहे. बाखचा मजकूर, बीथोव्हनचं वादन आणि तीसेक वर्षांनंतरची चेर्नीची आठवण अशा तीन पिढ्या एका पानावर आल्या, आणि घेणाऱ्याला वाटलं बाखच असा आहे. मी चेर्नीवर रागावत नाही. १८३७ मध्ये बीथोव्हन ऐकलेला माणूस बाख कसा वाजवी, याचा इतका तपशीलवार पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. पुस्तकावरचं नाव तेवढं बदलून वाचावं.

या दाट संपादनाची प्रतिक्रिया शतकाच्या शेवटी आली. बर्लिनच्या कला अकादमीनं १८९५ पासून ‘उरटेक्स्ट’ म्हणजे मूळ मजकुराच्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली, आणि १९४८ मध्ये ग्युंटर हेन्ले यांनी याच ध्येयानं प्रकाशनसंस्था उभी केली. पोलंडमध्ये यान एकिअर यांनी शोपँची राष्ट्रीय आवृत्ती हाती घेतली. ती २०१० साली पुरी झाली. त्यात लांब आणि आखूड अ‍ॅक्सेंट वेगवेगळे छापले आहेत, आणि खूण कुठल्या प्रतीत आहे, कुठल्या प्रतीत नाही, याची टिपणंही आहेत. त्याच वर्षी क्रिस्तोफ ग्राबोव्हस्की आणि जॉन रिंक यांची शोपँच्या पहिल्या आवृत्त्यांची सटीप सूची केंब्रिजहून निघाली. पत्र्याचे क्रमांक आणि किमती मोजणाऱ्या कारकुनी कामाचं ते शिखर आहे.

पण शोपँनं छापील पानाला शेवटचा शब्द कधीच मानलं नाही. जेन स्टर्लिंग, कामिय द्युब्वा या शिष्यांच्या आणि बहीण लुद्विका हिच्याकडच्या छापील प्रतींवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या छापील मजकुराशी नेहमी जुळत नाहीत आणि एकमेकींशीही नाहीत. १८३६ च्या ओपस २७ नंतर त्यानं मेट्रोनोमचे आकडे छापणं बंद केलं. शिष्य मिकुली मात्र सांगतो की मेट्रोनोम त्याच्या पियानोवरून कधी हलत नसे. म्हणजे शिकवताना यंत्र हवं, पण पानावर त्याचा आकडा नको. १६ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमधल्या शेवटच्या जाहीर मैफलीत त्यानं बारकारोल वाजवलं. जिथे पानावर पूर्ण जोर मागितला आहे तिथून पुढचा भाग त्यानं अगदी मृदू वाजवला. ऐकणाऱ्यांत चार्ल्स हॅले हा पियानोवादक होता. हेच जास्त बरं की काय, अशी शंका त्याला पडली.

मुंबई आणि गोव्यात इंग्लंडच्या परीक्षांसाठी पियानो शिकणाऱ्या मुलांच्या हाती बीथोव्हनच्या सोनाटा बरीच वर्षं टोव्ही आणि क्रॅक्स्टन यांच्या १९३१ च्या आवृत्तीतून आल्या. २००७ मध्ये त्याच परीक्षामंडळानं बॅरी कूपर यांची नवी आवृत्ती काढली. ती महाग आहे. त्यामुळे पालक मोबाइलवरून फुकट पानं उतरवून घेतात, आणि इथे कॉपीराइटचा कायदा पुन्हा आपली करामत दाखवतो. फुकट मिळतं ते हक्क संपलेलं. हक्क संपलेलं म्हणजे बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजेच चेर्नी, ब्यूलो आणि त्यांच्या वारसदारांनी खुणांनी भरून टाकलेलं. शंभर वर्षांच्या उरटेक्स्टच्या खटाटोपानंतरही सगळ्यात जास्त छापून घेतली जाणारी पानं तीच असतील, तर नवल नाही. ही फुकट पानं जिथे मिळतात त्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर, त्याच रचनेच्या यादीत थोडं खाली, बहुतेक वेळा पहिल्या आवृत्तीचं स्कॅनही असतं. अक्षर किरटं, कागद डागाळलेला, बोटांचे आकडे नाहीत. शिक्षकांना ते नको असतं. पण आठवड्यातून एकदा दोन्ही पानं शेजारी ठेवून, नव्यात आहे आणि जुन्यात नाही अशा प्रत्येक खुणेभोवती पेन्सिलीनं गोल करावा. एका पानाला दहा मिनिटं पुरतात.